अन्नातील कृत्रिम रंग : यादीतले आणि यादीबाहेरचे



सायंकाळच्या वेळी आपल्या देशातील कोणत्याही शहराच्या बाजारपेठेतून एक फेरी मारावी. मिठाईच्या दुकानात काचेआड रचलेले बुंदीचे लाडू, परातीतल्या जिलब्या आणि इमरत्या, शेजारच्या गाडीवर टांगलेले शेंदरी कोंबडीचे तुकडे, बर्फाच्या गोळ्यावर ओतण्यासाठी ओळीने मांडलेल्या हिरव्या, निळ्या, तांबड्या सरबतांच्या बाटल्या आणि प्लास्टिकच्या पिशव्यांत भरलेला साखरेचा गुलाबी कापूस, असे दृश्य आपल्याला दिसते. हे सारे पाहताना मनात एक साधा प्रश्न उभा राहावयास हवा; पण तो सहसा उभा राहत नाही. हरभऱ्याच्या पिठाचा रंग फिकट पिवळा असतो आणि तळल्यावर तो बदामी होतो. मग लाडवाला हा झळझळीत पिवळा रंग आला कोठून? साखर पांढरी असते. तिच्यापासून केलेला कापूस गुलाबी कसा झाला?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला रसायनशास्त्र, विषशास्त्र आणि कायदा या तिन्ही प्रांतांतून प्रवास करावा लागतो. आजच्या व्याख्यानात मी तो प्रवास आपल्याबरोबर करणार आहे. माझे म्हणणे प्रारंभीच थोडक्यात सांगतो. कायद्याने ज्या रंगांना अनुमती दिली आहे, त्यांच्याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत आणि ते महत्त्वाचे आहेत. परंतु आपल्या देशात अधिक मोठा धोका आहे तो कायद्याच्या यादीत कधीच नसलेल्या रंगांचा. हे रंग वेष्टनाशिवाय आणि नावाशिवाय आपल्या, आणि विशेषतः आपल्या मुलांच्या, पोटात जातात.

अन्नाला रंग देण्याची प्रथा नवीन नाही. केशर, हळद, पालक, बीट यांनी स्वयंपाकाला रंग आणण्याची कला आपल्या घराघरांत आहे. रंगावरून आपण अन्नाची पारख करतो. पिकलेले फळ, ताजी भाजी, चांगले तूप, उत्तम हळद ही प्रथम डोळ्यांनीच ओळखली जातात. म्हणजे रंग ही एक प्रकारची साक्ष आहे. जेथे साक्षीला मोल असते, तेथे खोटा साक्षीदारही उभा केला जातो. ज्या लाडवात केशर नाही त्यात केशराचा भास निर्माण करणे, जुन्या वाटाण्यांना ताजेपणाचा रंग देणे, भुसा मिसळलेल्या तिखटाला लाली आणणे ही सारी खोट्या साक्षीचीच उदाहरणे आहेत.

कारखान्यातील रंग येण्यापूर्वी ही खोटी साक्ष खनिजांकडून घेतली जात असे. फ्रेडरिक अकम या रसायनशास्त्रज्ञाने १८२० मध्ये लंडनमध्ये अन्नातील भेसळीवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. चीजच्या रंगात शेंदूर, म्हणजे शिशाचे संयुग, कसे येते आणि लोणच्याचा हिरवेपणा तांब्यामुळे कसा असतो, हे त्याने उघड केले. पुढे १८५० नंतरच्या काही वर्षांत आर्थर हॅसल या वैद्याने सूक्ष्मदर्शक हाती घेऊन लंडनच्या बाजारातील नमुने तपासले. मुलांसाठी विकल्या जाणाऱ्या पिवळ्या गोळ्यांत त्याला क्रोमियम व शिसे यांचे संयुग आढळले. या प्रकरणांचा गाजावाजा झाल्यावर १८६० मध्ये ब्रिटनमध्ये भेसळीविरुद्धचा पहिला कायदा झाला.

याच सुमारास एका वेगळ्या घटनेने रंगांचे जग पालटून टाकले. १८५६ मध्ये विल्यम हेन्री पर्किन नावाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी हिवतापावरील क्विनीन हे औषध कृत्रिम रीतीने तयार करण्याचा प्रयत्न करीत होता. दगडी कोळशाच्या डांबरातून मिळणाऱ्या पदार्थांवर त्याचे प्रयोग चालले होते. क्विनीन हाती लागले नाही. भांड्याच्या तळाशी मात्र एक काळसर साका उरला आणि त्यातून सुंदर जांभळा रंग निघाला. तो रेशमावर पक्का बसला. त्यानंतरच्या काही दशकांत डांबरापासून शेकडो रंग तयार झाले. ते कापडासाठी होते. परंतु स्वस्त, गडद आणि टिकाऊ असल्यामुळे ते लवकरच लोण्यात, मिठाईत आणि सरबतातही शिरले. अन्नात वापरावयाच्या रंगांचा जन्म स्वयंपाकघरात झाला नसून कापडाच्या गिरणीत झाला, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवली पाहिजे. पुढच्या बहुतेक अडचणींचे मूळ तेथेच आहे.

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी असे ऐंशीच्या आसपास रंग अन्नात वापरले जात होते. हार्वे वायली यांच्या प्रयत्नाने १९०६ मध्ये तेथे शुद्ध अन्नाचा कायदा झाला. रंगांची छाननी करण्याचे काम बर्नहार्ड हेसे या रसायनशास्त्रज्ञाकडे सोपविण्यात आले. १९०७ मध्ये केवळ सात रंगांना अनुमती मिळाली. या घटनेत एक मोठे तत्त्व दडलेले आहे. तोपर्यंत जे अपायकारक सिद्ध झाले नाही ते चालत असे. आता जे यादीत आहे तेवढेच चालेल, असे ठरले. पुराव्याचे ओझे खाणाऱ्याच्या खांद्यावरून उचलून रंग वापरणाऱ्याच्या खांद्यावर ठेवण्यात आले. पुढे जगातील बहुतेक देशांनी हेच तत्त्व स्वीकारले आणि आपला कायदाही त्याच तत्त्वावर उभा आहे.

त्या सात रंगांचे पुढे काय झाले, ही कथा बोधप्रद आहे. त्यांतील ऑरेंज वन हा रंग पुरेसा निर्धोक मानला जात होता. १९५० मध्ये तेथील हॅलोवीनच्या सणात या रंगाच्या गोळ्या खाऊन अनेक मुले आजारी पडली आणि काही वर्षांत तो यादीतून गेला. ॲमरंथ हा तांबडा रंग १९७६ मध्ये काढून टाकण्यात आला. एरिथ्रोसिन हा चेरीसारखा गुलाबी रंग सर्वाधिक टिकला. १९९० मध्ये तो तेथे सौंदर्यप्रसाधनांतून बाद झाला. अन्नात मात्र आणखी पस्तीस वर्षे राहिला आणि जानेवारी २०२५ मध्ये अन्नातूनही त्याची अनुमती रद्द झाली. काही रंग अपायाच्या पुराव्यामुळे गेले, तर काही मागणीच्या किंवा निर्धोकतेच्या पुराव्याच्या अभावी गेले. १९०७ च्या सात रंगांपैकी आज तेथील यादीत उरला आहे तो एकच, इंडिगो कार्माइन हा निळा रंग. तेव्हा ‘अनुमत’ या शब्दाचा अर्थ ‘कायमचा निर्धोक’ असा नाही. ‘आजवरच्या ज्ञानानुसार चालण्याजोगा’ एवढाच त्याचा अर्थ आहे.

आता आपण असे विचारू की एखादा रंग अपायकारक का ठरतो आणि दुसरा का चालतो? याचे उत्तर रेणूच्या रचनेत आहे आणि ते समजावयास फारसे कठीण नाही.

अन्नातील पिवळ्या, नारिंगी आणि तांबड्या रंगांपैकी बहुतेक ‘अझो’ कुळातील आहेत. दोन वलयांकित रेणू नायट्रोजनच्या दोन अणूंच्या पुलाने जोडले म्हणजे असा रंग तयार होतो. तो आपल्या आतड्यात गेला की तेथील जीवाणू हा पूल तोडतात आणि रंगाचे दोन तुकडे होतात. सारा प्रश्न या तुकड्यांचा आहे. ते पाण्यात सहज विरघळणारे असतील तर शरीरात फारसे मुरत नाहीत आणि बाहेर टाकले जातात. ते तेलात विरघळणारे असतील तर आतड्याच्या भिंतीतून रक्तात जातात, यकृतापर्यंत पोहोचतात आणि तेथे उपद्रव करू शकतात. म्हणून रसायनशास्त्रज्ञ रंगाच्या रेणूला सल्फोनिक गट जोडतात. हा गट रेणूला पाण्यात ओढून नेतो.

टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन आणि पॉन्सो फोर-आर या अनुमत अझो रंगांत पुलाच्या दोन्ही बाजूंना सल्फोनिक गट आहे. त्यामुळे पूल तुटला तरी दोन्ही तुकडे पाण्यात विरघळणारेच राहतात. याउलट आपल्याकडे लाडू, जिलबी, हळद आणि डाळी यांत वारंवार सापडणारा मेटानिल यलो घ्या. त्यात हा गट एकाच बाजूला आहे. पूल तुटला की एक तुकडा निरुपद्रवी मार्गाने निघून जातो. दुसरा मात्र सल्फोनिक गटाविना उरतो आणि शरीरात मुरतो. तिखटात मिसळल्या जाणाऱ्या सूदान रंगांना तर असा गट मुळीच नाही. ते तेलातच विरघळतात. बाहेरून पाहता टार्ट्राझिन आणि मेटानिल यलो दोन्ही पिवळेच दिसतात. डोळ्याला त्यांतला भेद कळत नाही, पण यकृताला तो कळतो.

तेलात विरघळणाऱ्या अझो रंगांचा धोका कसा लक्षात आला, तेही सांगितले पाहिजे. लोण्याला पिवळेपणा आणण्यासाठी वापरला जाणारा ‘बटर यलो’ हा रंग उंदरांना चारला असता त्यांच्या यकृतात कर्करोग होतो, असे जपानमधील किनोशिता या संशोधकाने १९३६ च्या सुमारास दाखवून दिले. अन्नात वापरलेला रंग प्राण्यांत कर्करोग घडवू शकतो, याचा हा अत्यंत स्पष्ट पुरावा होता. त्यानंतर रंगांच्या दीर्घकालीन चाचण्यांना खरे महत्त्व आले.

या चाचण्यांतून मर्यादा कशी ठरते? जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना यांची एक संयुक्त तज्ज्ञ समिती १९५६ पासून हे काम करीत आहे. प्राण्यांना दीर्घकाळ चारूनही ज्या मात्रेने अपाय दिसत नाही, ती मात्रा प्रथम शोधली जाते. तिला साधारणतः शंभराने भागले जाते. माणूस प्राण्याहून अधिक संवेदनशील असेल म्हणून दहाने, आणि माणसामाणसांत फरक असतो म्हणून पुन्हा दहाने. जी संख्या येते ती त्या पदार्थाची प्रतिदिन ग्राह्य मात्रा होय. माणसाने जन्मभर रोज तेवढा पदार्थ खाल्ला तरी चालावे, अशी त्यामागची कल्पना आहे.

या मात्रा सर्व रंगांसाठी सारख्या नसतात. शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे टार्ट्राझिनची मात्रा १० मिलिग्रॅम आहे, सनसेट यलोची ४ मिलिग्रॅम, तर एरिथ्रोसिनची केवळ ०.१ मिलिग्रॅम. एरिथ्रोसिनचा परिणाम गळ्यातील अवटू ग्रंथीवर होतो असे आढळल्याने त्याची मात्रा टप्प्याटप्प्याने खाली आणण्यात आली. १९७४ मध्ये ती २.५ मिलिग्रॅम होती; १९९० मध्ये ती ०.१ झाली, म्हणजे पंचविसाव्या हिश्शावर आली.

आता एक छोटेसे गणित करू. पंधरा किलोग्रॅम वजनाचे, म्हणजे सुमारे चार वर्षांचे, एक मूल आहे. आपल्याकडील नियमांत बहुतेक खाद्यपदार्थांसाठी कृत्रिम रंगाची मर्यादा दीर्घकाळ सरसकट एका किलोग्रॅमला १०० मिलिग्रॅम अशी चालत आली आहे. त्या मर्यादेपर्यंत टार्ट्राझिन घातलेली मिठाई या मुलाने दीड किलोग्रॅम खाल्ली तर त्याची एका दिवसाची ग्राह्य मात्रा पुरी होईल. इतकी मिठाई कोणतेही मूल खाणार नाही. पण त्याच मर्यादेपर्यंत एरिथ्रोसिन घातलेली मिठाई असेल तर अवघ्या पंधरा ग्रॅममध्ये, म्हणजे एक-दोन घासांत, ती मात्रा संपते. मर्यादा एकच, विक्रेताही कायद्याप्रमाणे वागणारा, आणि तरीही परिणामात शंभरपट अंतर! सर्व रंगांना एकाच मापाने मोजणारा नियम सोयीचा असतो. पण तो सर्व रंगांच्या बाबतीत सारखेच संरक्षण देत नाही.

आपल्या कायद्याकडे आता अधिक बारकाईने पाहू. स्वातंत्र्यापूर्वी निरनिराळ्या प्रांतांचे निरनिराळे कायदे होते. राज्यघटनेने अन्नातील भेसळ हा विषय समवर्ती सूचीत घातला आणि त्यामुळे सर्व देशासाठी एक कायदा करणे शक्य झाले. १९५४ मध्ये अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा संमत झाला आणि १९५५ मध्ये त्याची अंमलबजावणी सुरू झाली. पुढे २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने त्याची जागा घेतली. या कायद्याखालील २०११ च्या विनियमांत आठ कृत्रिम रंगांना अनुमती देण्यात आली. पॉन्सो फोर-आर, कार्मोइसिन आणि एरिथ्रोसिन हे तीन तांबडे. टार्ट्राझिन आणि सनसेट यलो हे दोन पिवळे. इंडिगो कार्माइन आणि ब्रिलियंट ब्ल्यू हे दोन निळे. आणि फास्ट ग्रीन हा एक हिरवा. हे रंगही केवळ ठरावीक पदार्थांत वापरावयाचे असतात. आइस्क्रीम, बिस्किटे, गोळ्या, मिठाई, सरबते इत्यादींत ते चालतात. दूध, चहा, डाळी, हळद, मिरचीपूड यांत त्यांना स्थान नाही. म्हणून तिखटात अनुमत तांबडा रंग सापडला, तरी तीही भेसळच होय.

देशोदेशींच्या याद्या शेजारी ठेवून पाहिल्या तर एक चमत्कारिक गोष्ट दिसते. आपल्याकडे आणि युरोपीय संघात चालणारे कार्मोइसिन आणि पॉन्सो फोर-आर अमेरिकेत चालत नाहीत. आपल्याकडे आणि अमेरिकेत चालणारा फास्ट ग्रीन युरोपात चालत नाही. अमेरिकेने काढून टाकलेला ॲमरंथ युरोपात मोजक्या पदार्थांत राहिला. माणसाचे शरीर सर्वत्र सारखेच असताना याद्या वेगळ्या का? कारण अपुऱ्या पुराव्यापुढे किती सावधगिरी बाळगावयाची, याचा निर्णय प्रत्येक समाज आपापल्या परीने घेतो. तेथे शास्त्राची हद्द संपते आणि लोकांच्या इच्छेची सुरू होते.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे ब्रिटनमधील साउदॅम्प्टन विद्यापीठाचा प्रयोग. कृत्रिम रंगांमुळे मुले चंचल होतात, असे मत अमेरिकेतील बेन फाइनगोल्ड या वैद्याने १९७० नंतरच्या काही वर्षांत मांडले होते. पण त्यावर दीर्घकाळ वादच चालला होता. २००७ मध्ये साउदॅम्प्टनच्या संशोधकांनी तीन वर्षांची १५३ आणि आठ-नऊ वर्षांची १४४ मुले घेऊन प्रयोग केला. मुलांना कधी रंग व सोडियम बेन्झोएट मिसळलेले पेय दिले, तर कधी तसेच दिसणारे पण रंगविरहित पेय दिले. कोणते पेय कोणते, हे मुलांना, पालकांना किंवा निरीक्षकांना ठाऊक नव्हते. मिश्रणाच्या पेयाने मुलांची चंचलता सरासरीने किंचित वाढते असे दिसून आले. परिणाम लहान होता, सर्व मुलांत सारखा नव्हता, आणि मिश्रण वापरल्यामुळे दोष नेमका कोणाचा हे ठरविता आले नाही. काहींनी या त्रुटींवर बोट ठेवले. युरोपीय संघाने मधला मार्ग काढला. त्याने रंगांवर बंदी घातली नाही. परंतु जुलै २०१० पासून सहा रंगांपैकी कोणताही वापरल्यास, त्यामुळे मुलांच्या वागण्यावर आणि अवधानावर अनिष्ट परिणाम होऊ शकतो, अशी सूचना वेष्टनावर छापणे सक्तीचे केले. अनेक उत्पादकांनी ही सूचना छापण्यापेक्षा रंग बदलणेच पसंत केले. त्या सहांपैकी चार रंग आपल्या आठांच्या यादीत आहेत, हे आपण विसरता कामा नये.

परंतु वेष्टनावरील सूचना उपयोगी पडते ती वेष्टन असेल तेव्हा, आणि येथे आपण आपल्या देशातील मूळ प्रश्नापाशी येतो. आपल्याकडे बांधीव पुड्यावर ‘अनुमत कृत्रिम खाद्यरंग आहे’ अशा अर्थाची ओळ आणि रंगाचा क्रमांक छापावा लागतो. पण रंगीत अन्नाचा फार मोठा भाग आपण सुटा विकत घेतो. लाडवाला वेष्टन नसते. जत्रेतल्या शेवेला, रंगीत बडीशेपेला, बर्फाच्या गोळ्याला वेष्टन नसते. जेथे वेष्टन नाही तेथे कायद्याचा शब्द खाणाऱ्यापर्यंत पोहोचतच नाही.

लखनौ येथील विषविज्ञान संशोधन संस्थेने अनेक वर्षे निरनिराळ्या बाजारांतून असे सुटे नमुने गोळा करून तपासले. मेटानिल यलो, रोडामिन बी, ऑरेंज टू, ऑरामिन, मॅलकाइट ग्रीन ही नावे अशा तपासण्यांत पुनःपुन्हा पुढे आली. हे सारे कापड, कागद, चामडे यांचे रंग आहेत. मेटानिल यलो चारलेल्या प्राण्यांच्या यकृतावर आणि वृषणांवर अनिष्ट परिणाम आढळले आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील पाहणीने दुसरी बाजू दाखविली. अनुमत रंग वापरले तरी ते मर्यादेबाहेर घातले जातात आणि काही मुलांच्या पोटात ग्राह्य मात्रेहून अधिक रंग जातो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुदुच्चेरीत साखरेच्या गुलाबी कापसाचे नमुने तपासले असता त्यांत रोडामिन बी हा रंग सापडला. हा रंग रेशीम, कागद, उदबत्त्या यांसाठी वापरला जातो. पुदुच्चेरीने आणि पाठोपाठ तमिळनाडूने त्याच महिन्यात या मिठाईच्या विक्रीवर बंदी घातली. मार्च महिन्यात कर्नाटकाने साखरेच्या कापसात आणि गोबी मंचुरियनमध्ये अशा रंगांचा वापर करण्यास मनाई केली आणि जूनमध्ये कबाबांतील कृत्रिम रंगांवरही बंदी आणली. या उपाययोजनेचे स्वागतच केले पाहिजे. तथापि, कोणी मुद्दाम मुलांना विष चारीत होता, अशी कल्पना आपण करू नये. असा कापूस विकणारा माणूस बहुधा हातावर पोट असलेला असतो. तो बाजारातून रंगाची छोटी पुडी आणतो. चिमूटभर रंगात सारा दिवस निभतो. पुडीवर काय लिहिले आहे ते त्याला वाचता येतेच असे नाही, आणि पुष्कळदा पुडीवर काही लिहिलेलेच नसते.

माझ्या मते प्रश्नाची गुरुकिल्ली या पुडीत आहे. कायद्यानुसार खाद्यरंग परवान्याशिवाय तयार करता वा विकता येत नाही आणि त्याच्या डब्यावर ‘खाद्यरंग’ हे शब्द व रंगाचे नाव असलेच पाहिजे. लाखो हलवाई, गाडीवाले आणि फेरीवाले यांच्यामागे निरीक्षक लावणे कोणत्याही सरकारला शक्य नाही. रंग तयार करणारे आणि त्याचा घाऊक व्यापार करणारे यांची संख्या मात्र त्यामानाने फार थोडी असते. कापडाचा रंग आणि खाण्याचा रंग एकाच दुकानात, एकाच फळीवर, सारख्याच पुड्यांत विकला जाणे बंद झाले, तर गाडीवाल्याच्या हाती चुकीचा रंग पडण्याची शक्यता आपोआप घटेल.

हे स्वप्नरंजन नाही, हे शेजारच्या बांगलादेशाने दाखवून दिले आहे. तेथे हळकुंडांना पिवळी चकाकी आणण्यासाठी लेड क्रोमेट चोळण्याची चाल पडली होती. हे डांबरजन्य रंगांपैकी नव्हे. हॅसलला लंडनमधील गोळ्यांत सापडले तेच हे जुने शिशाचे संयुग. संशोधकांनी ही गोष्ट २०१९ मध्ये प्रसिद्ध केली. वृत्तपत्रांनी ती घरोघर पोहोचविली, बाजारांत सूचना लागल्या आणि ढाक्याच्या घाऊक बाजारात धाड घालून दोषी व्यापाऱ्यांना दंड करण्यात आला. २०१९ मध्ये बाजारातील हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे सापडले होते. २०२१ मध्ये एकाही नमुन्यात ते सापडले नाही. हळदीच्या गिरण्यांतील कामगारांच्या रक्तातील शिसेही सुमारे ३० टक्क्यांनी उतरले. तेथे नवीन कायदा करावा लागला नाही. असलेला कायदा नेमक्या जागी लावला गेला आणि लोकांना खरी माहिती मिळाली, एवढेच घडले.

मग आपण, घरी बसून, काय करू शकतो? काही साध्या परीक्षा आपल्याला करता येतात. मिरचीपूड पेलाभर पाण्यावर भुरभुरावी. रंगाच्या रेघा चटकन खाली उतरू लागल्या तर पाण्यात विरघळणारा रंग मिसळला आहे असे समजावे. वाटाणे पाण्यात काही वेळ भिजत ठेवावेत. पाणी हिरवे झाले तर ते घेऊ नयेत. प्रयोगशाळेत हळद किंवा डाळीच्या पिठावर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकून मेटानिल यलो ओळखतात. तो आम्लात किरमिजी होतो. हळदीचाही रंग आम्लाने तांबूस होतो. परंतु पाणी घातल्यावर तो नाहीसा होतो आणि मेटानिल यलोचा टिकून राहतो. आम्लाची ही परीक्षा मात्र घरी करू नये. घरगुती परीक्षांना मर्यादाही आहेत. सूदान रंग पाण्यात विरघळत नाही, म्हणून पेल्यातल्या परीक्षेत तो सापडत नाही. घरगुती परीक्षा प्रयोगशाळेची जागा घेऊ शकत नाही. ती आपल्याला सावध करते, आणि संशय आल्यास अन्न सुरक्षा अधिकाऱ्याकडे जाण्याचा आपला हक्क तिने बळावतो.

खरा उपाय याहून जवळ आहे आणि अधिक अवघडही आहे. अन्नात घातल्या जाणाऱ्या इतर द्रव्यांची आणि रंगाची तुलना करून पाहा. परिरक्षक द्रव्य अन्न कुजू देत नाही. त्यात थोडा धोका असला तरी त्याच्या बदल्यात काही मिळते. मिठात मिसळलेले आयोडीन गलगंडापासून वाचविते. रंग काय देतो? तो भूक भागवीत नाही, पोषण करीत नाही, अन्न टिकवीत नाही. तो केवळ डोळ्याला सुख देतो आणि पुष्कळदा डोळ्याची फसवणूक करतो. ज्या वस्तूपासून शरीराला काहीच लाभ नाही, तिच्यासाठी शरीराने थोडाही धोका का पत्करावा? माझ्या मते अन्नरंगाच्या कायद्याचा पाया हाच असावा. शंका आली तर शंकेचा फायदा रंगाला न देता खाणाऱ्या मुलाला द्यावा.

हे झाले कायद्याचे. पण कायद्याआधी आपली नजर आहे. हलवाई लाडू पिवळाधमक करतो, कारण आपण फिकट लाडवाकडे पाठ फिरवितो. भाजीवाला वाटाणे हिरवेगार करतो, कारण आपण हिरवेगारच मागतो. आपल्या आजीच्या हातच्या लाडवाचा रंग कसा होता, ते आठवून पाहावे. तो बेसनाचा आणि तुपाचा रंग होता. पुढच्या वेळी मिठाईच्या दुकानात उभे राहाल तेव्हा बिनरंगाची मिठाई मागून पाहा. पहिल्या दिवशी दुकानदार आश्चर्याने पाहील. शंभर गिऱ्हाइकांनी मागितली तर तो ती आवर्जून ठेवील. निरीक्षकाची नजर महिन्यातून एकदा दुकानावर पडेल. गिऱ्हाइकाची नजर रोज पडते. ती डोळस झाली तर कायद्याचे अर्धे काम झाले असे समजावे.